साडभाऊंचा सत्त्याहत्तर

टीव्ही बिघडण्याचा मुहूर्त काढून त्यासाठी पाहुण्यांना आलूबोंड्यांचं आवतण देणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. मुक्काम अकोला, जुनं शहर. धंदा घरोघरी छत्र्या बसवण्याचा. छत्र्या म्हणजे पावसाच्या नव्हेत, टीव्हीच्या. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्यांचा अमरावतीला फोन यायचा. "जयभीम मास्तर. गुरुवारी बारा वाजून चौतीस मिनिटाले सूर्य त्याच्या मांगं येऊन राहिला. डबा आनू नका, आलूबोंडे आहेत." पहिल्या वेळी मला वाटलं ग्रहणबिहण असेल, म्हणून मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पिशवीत काळी काच घेऊन गेलो. पाहतो तो स्लॅबवर सतरंजी अंथरलेली, दहा-बारा पाहुणे मांडी घालून बसलेले, आणि चादरीच्या आडोशाला ठेवलेल्या टीव्हीवर कुठल्याशा परक्या भाषेतला स्वयंपाकाचा कार्यक्रम चाललेला. बरोबर बारा चौतीसला चित्र फाटलं. बाईचं तोंड गेलं, कढई गेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. साडभाऊंनी छत्रीकडे बोट दाखवलं. छत्रीच्या तोंडासमोर सिग्नल गोळा करणारी एक डबी असते, तिची सावली छत्रीच्या अगदी मध्यावर पडली होती. "सूर्य, तो आन् आपन, तिघं एका दोरीत," ते म्हणाले. उपग्रह बिचारा कुजबुजतो आणि मागून सूर्य ओरडतो, म्हणून आपल्याला त्याचं काही ऐकू येत नाही, असा त्याचा अर्थ. सात-आठ मिनिटं आम्ही सगळे मुंग्या पाहत बसलो. मग सूर्य सरकला, बाई परत आली, आणि ताई आलूबोंड्यांची परात घेऊन वर आल्या.

मी अमरावतीच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दर वर्षी पोरांना सांगत आलो, पण ते खरंच असावं असं मला पहिल्यांदा वाटलं ते साडभाऊंच्या स्लॅबवर. त्यांचा जीव ज्या उपग्रहावर जडला होता तो विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला तीन किलोमीटर अशा वेगानं धावायचा. खाली पृथ्वीही त्याच चालीनं वळत असल्यामुळे आपल्याला तो एका जागी उभा वाटायचा. "उभा वाटते मास्तर, पन जागेवर राहाले त्याले जल्मभर पळा लागते," असं ते मला समजावत, आणि भूगोलाच्या मास्तरला हे समजावून सांगावं लागतं याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. उपग्रहाला कागदोपत्री चांगलं लांबलचक नाव होतं. साडभाऊ त्याला 'सत्त्याहत्तर' म्हणत, कारण त्याची जागा सत्त्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर होती. आणि अकोलाही सत्त्याहत्तर रेखांशावरच आहे. या एका गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा एखाद्याला सात पिढ्यांच्या पाटिलकीचा नसेल. बाकी गावांना उपग्रह कुठे तिरपे, कुठे आडवे पाहावे लागतात, अकोल्याला तेवढा तो नाकासमोर, सरळ दक्षिणेला. अमरावती पाऊण अंश पूर्वेला पडते हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की तो माझाच काही गुन्हा असावा असं मला वाटू लागलं. मी एकदा चिडून म्हणालो, आमच्याकडे विद्यापीठ आहे, आयुक्तांची कचेरी आहे, तुमच्याकडे काय आहे? साडभाऊ थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "असन विद्यापीठ. उपग्रह तर नाही ना."

हे थोडा वेळ थांबणंही त्यांचंच. उपग्रहावरून केलेल्या फोनचं बोलणं वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. साडभाऊंचं उत्तर यायला त्याहून पुष्कळ जास्त लागे. माझी बायको "भाऊजी, चहा मांडू का?" असं विचारून स्वयंपाकघरात जाई, आधण येई, चहा गाळून कप समोर येई, आणि तो पिऊन झाल्यावर साडभाऊ म्हणत, "मांडा." माणूस बोलायचाही कोनांत. भिंतीवरची तसबीर वाकडी झाली असेल तर "पश्चिमेकून दीड डिग्री उचला" म्हणणार. लग्नाच्या मांडवात पंगत वाकडी बसली की त्यांना घास गिळत नसे. आणि दक्षिण दिशेचं वेड असं, की आमच्या वऱ्हाडात ज्या दक्षिणमुखी घराला गिऱ्हाईक मिळता मिळत नाही तेच त्यांनी हौसेनं घेतलं. सगळे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेला, तेव्हा दार त्यांच्याकडेच हवं हा हिशेब. कोणी यमाची भीती घातली तर म्हणत, "तिथं आधीच इतके उपग्रह लटकून राहिले, यमाले राहाले जागा कुठी आहे?" पुतण्यासाठी मूर्तिजापूरला मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीचं शिक्षण, वय, स्वयंपाक यांतलं काही न विचारता त्यांनी मुलीच्या वडिलांना एवढंच विचारलं, "दक्षिन मोकळी आहे का तुमची?" ते गृहस्थ आठ दिवस विचार करत होते की ही कुठली नवी मागणी. लग्न झालं, सून चांगली निघाली, आणि त्याचं श्रेय साडभाऊ आजही मोकळ्या दक्षिणेला देतात.

पण त्यांची खरी विद्या पाहायची ती घरची मोठी छत्री लावताना. बारा फुटांची जाळीची छत्री होती ती, आणि ती लावायला घरातली तिन्ही माणसं लागत. साडभाऊ वर स्लॅबवर, हातात पाना. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा खाली मागच्या खोलीत, टीव्हीसमोर. आणि ताई मधल्या जिन्यात. वरचं खाली आणि खालचं वर ऐकू जात नसे, म्हणून निरोप पोचवायचं काम ताईंकडे. साडभाऊ वरून ओरडत, "त्या बह्याड पोट्टीले विचारा, डोये आहेत का नाही? चित्र आलं का?" ताई जिन्यातून खाली सांगत, "बाबा विचारून राहिले बेटा, आलं का चित्र?" आत प्रज्ञा वैतागून म्हणे, आलं होतं, बाबांनी पुन्हा घालवलं, त्यांना म्हणावं हात आवरा. ताई वर सांगत, "थोडं मांगं घ्या म्हनते. हुशार आहे बापा तुमची पोरगी." मी एकदा त्याच जिन्यात पानाची डबी घेऊन बसलो होतो. दोन्हीकडचं मूळ ऐकलं आणि ताईंनी पोचवलेलंही ऐकलं. दोन्हींमध्ये मतलब फारसा बदलत नव्हता, पण वर चढेपर्यंत आणि खाली उतरेपर्यंत त्यांतला राग कुठेतरी गळून जाई. हे मी साडभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. उपग्रहाच्या पोटातलं यंत्र हेच करतं म्हणाले. खालून दमून आलेलं बोलणं तो घेतो, त्यातली खरखर काढतो, जोर देतो, वारंवारता बदलतो आणि मग खाली सोडतो. "जसंच्या तसं सोडलं तर त्याचंच त्याले गोंधळून टाकते. बदलूनच सोडा लागते."

बापलेकीचं जे काही बोलणं आयुष्यात झालं ते असं, जिन्यातून. एकमेकांवर जीव होता, त्यात शंका नाही. प्रज्ञा अकोल्यात इंजिनियर झाली आणि दक्षिणेकडे उपग्रहांवर नजर ठेवणारं एक केंद्र आहे तिथे नोकरीला लागली, ती काय उगाच? दहा वर्षांची असल्यापासून त्या छत्रीखाली वाढलेली पोर. तिला आधी कुठल्या उपग्रहाच्या कामावर बसवावं, तर सत्त्याहत्तरच्याच. त्या दिवशी साडभाऊंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की आता तो घरचाच झाला. पण तिचा फोन आला की "जेवली का? बरं. घे, आईशी बोल," एवढ्यात त्यांचं संभाषण आटोपे. मग ताई अर्धा तास बोलत, आणि साडभाऊ शेजारी पेपर उलटा धरून ऐकत. फोन ठेवल्यावर ताई सगळं पुन्हा सांगत, थोडी साखर पेरून. पोरगी तुमची आठवण काढत होती, असं त्यात हमखास असे. ती खरंच काढत होती की नाही, देव जाणे. आमच्याकडे बहुतेक बाप असेच. मीही फार वेगळा नाही.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वर गेलेल्या उपग्रहाला चंद्र-सूर्य इकडेतिकडे ओढत असतात. त्याला आपल्या जागेवर ठेवायचं तर खालून हुकूम सोडून त्याच्या अंगच्या लहान लहान इंजिनांनी अधूनमधून धक्का द्यावा लागतो. त्याला इंधन लागतं, आणि ते वर जाताना जेवढं दिलं तेवढंच. वर पेट्रोल पंप नाही. पंधरा वर्षं होत आली की इंधन सरत येतं. मग काटकसर म्हणून उत्तर-दक्षिण सावरणं सोडून देतात, पूर्व-पश्चिम तेवढं सांभाळतात, आणि उपग्रह रोज आकाशात आठाचा आकडा गिरवायला लागतो. सत्त्याहत्तरचं तसंच झालं. लोकांच्या छत्र्यांना तो सापडेना, वाहिन्या दुसरीकडे गेल्या, ती परकी स्वयंपाकवाली बाईही गेली. उरली ती फक्त त्याची खूण सांगणारी एक बारीक अखंड शीळ. साडभाऊंनी टीव्ही काढून टाकला, छत्रीला एक काट्याचं मीटर जोडलं आणि आठाच्या आकड्यामागे दिवसातून दोनदा हातानं छत्री फिरवू लागले, सकाळी साडेनऊला आणि दुपारी चारला. पुतणसुनेच्या भावाच्या लग्नात वधूवरांवर फुलं टाकायच्या ऐन वेळी हा माणूस मुठीत फुलं घेऊन मोटारसायकलवर बसला आणि मूर्तिजापूरहून अकोल्याला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा फुलं मुठीतच होती. ताईंनी ती काढून घेतली आणि वधूवरांच्या डोक्यावर टाकली. म्हणाल्या, "घ्या बापा, तिकून येता येता उशीर झाला यांले."

पुढे एका हिवाळ्यात ताई गेल्या. पंधरा दिवसांचं आजारपण, आणि संपलं. प्रज्ञा आली, आठ-दहा दिवस राहिली, गेली. जाताना बापलेक फाटकापाशी उभे होते, दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं, आणि ते कुणाजवळ द्यावं हे दोघांनाही कळत नव्हतं. मी शेजारीच होतो. माझ्यानं ते काम झालं नाही, याची मला आजही चुटपुट आहे. त्यानंतर फोन आठवड्यातून एकदा आणि नंतर पंधरवड्यातून एकदा येऊ लागला. जेवली का, जेवलो, बरं. पुढे "घे, आईशी बोल" म्हणायला घरात कोणी नव्हतं. साडभाऊ तोंडापाशी आलेलं वाक्य गिळून फोन तसाच धरून उभे राहत, आणि पलीकडून प्रज्ञा बऱ्याच वेळानं ठेवून देई.

याच दिवसांत त्यांनी मीटरचा नवा उद्योग सुरू केला. छत्री त्यांनी मुद्दाम किंचित वाकडी ठेवली. मी म्हणालो, जन्मभर दुसऱ्यांची पंगत सरळ करत आलात आणि स्वतःचीच छत्री वाकडी? तर म्हणाले, अगदी समोर ठेवली तर उपग्रह थोडा हलला तरी काट्याला कळत नाही. कडेवर ठेवली की तो जरा सरकला तरी काटा पडतो किंवा चढतो. म्हणजे खालून कोणी त्याला धक्का दिला की अकोल्यात साडभाऊंना कळणार. आणि धक्का देणारं कोण, तर प्रज्ञा. मग रोज संध्याकाळी मला अमरावतीला फोन. "जयभीम मास्तर. आज प्रज्ञानं त्याले पूर्वेकून सावरलं. काटा दोन घरं चढला." दुसऱ्या दिवशी, "आज प्रज्ञानं हात नाही लावला. सुटी असन." तिसऱ्या दिवशी, "प्रज्ञा आज उशिरा बसली कामावर, तिथं पाऊस असन." असे धक्के पंधरा-पंधरा दिवसांनी देतात हे मला पुढे कळलं, पण साडभाऊंची बातमी एक दिवस चुकली नाही. दूधवाल्याला सांगत, शेजारच्या काकूंना सांगत, चौकातल्या चहावाल्याला सांगत. गल्लीतल्या लहान पोरांनासुद्धा प्रज्ञाताईची साप्ताहिक सुटी पाठ झाली. आम्ही मागे हसायचो. तिला सरळ फोन करायचा सोडून हा बाप छत्तीस हजार किलोमीटरचा वळसा घालून मुलीची खुशाली काढतो, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी बायकोला म्हणालो देखील. ती हसली नाही. ताईची धाकटी बहीण ती.

मागच्या वर्षी बातमी आली की सत्त्याहत्तरचं इंधन आता संपलं. शेवटचे चार घोट वापरून त्याला आणखी तीनशे किलोमीटर वर ढकलणार, जिथे निकामी झालेले उपग्रह नेऊन सोडतात, आणि तिथे त्याची शीळ कायमची बंद करणार. साडभाऊंचा फोन आला. या वेळी आलूबोंड्यांचं नाव नव्हतं. "मास्तर, शुक्रवारी या," एवढंच म्हणाले. मी निघायच्या आदल्या दिवशी प्रज्ञाला फोन लावला. म्हटलं, बेटा, हे तुझ्याच हातून होणार, तू बाबांशी दोन शब्द बोल. ते फार लावून घेतील.  ती म्हणाली, "काका, मला त्या कामावरून काढून दोन वर्षं झाली. आता मी वेगळ्याच विभागात आहे. त्याला कोण धक्के देतं मला माहीतही नसतं." मी विचारलं, मग बाबांना का नाही सांगितलंस? "कसं सांगू? शेजारच्या काकू सांगतात, बाबा रोज माझं नाव घेऊन सगळ्यांना सांगत असतात. आई असती तर तिनं काहीतरी करून नीट सांगितलं असतं. मला नाही जमत. तुम्हीही सांगू नका."

अमरावती ते अकोला हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेन, पण त्या शुक्रवारी तो संपता संपेना. हा माणूस दोन वर्षं कुणा परक्याच्या धक्क्यांना लेकीचा हात समजून जपत होता, आणि हे आता मलाही माहीत होतं. बडनेऱ्याला ठरवलं, सांगून टाकावं. मूर्तिजापूरला ठरवलं, अजिबात सांगायचं नाही. पुढे काहीच ठरलं नाही.

स्लॅबवर साडभाऊ एकटेच होते. उपग्रह तीन दिवसांपासून वर ढकलला जात होता. वर गेला की त्याची चाल पृथ्वीपेक्षा मंदावते आणि तो मागे, म्हणजे पश्चिमेकडे, पडत जातो. साडभाऊ तीन दिवस त्याच्या मागे मागे छत्री वळवत होते. जन्मभर सरळ दक्षिणेला पाहिलेली छत्री आता उजवीकडे मान वळवून होती, आणि तिच्या वाटेत शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आली होती. शेजाऱ्यांनी एका शब्दावर टाकी रिकामी करून आडवी पाडून दिली. त्यांचं घर दुपारपासून पाण्याविना होतं, आणि कोणी कुरकुर केली नाही. साडभाऊंनी मला बसायला सतरंजी दिली. काटा पंधरावर होता.  ते मिनिटामिनिटानं पान्यानं छत्री केसभर सरकवत, काटा पुन्हा पंधरावर येई. पावणेपाचच्या सुमारास तो एकदम पडला. हळूहळू नाही, कोणी हात सोडावा तसा. साडभाऊंनी छत्री थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली, आणि मग पाना खाली ठेवला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो की प्रज्ञालाही आज फार वाईट वाटत असेल. खोटं बोलायची सवय नाही मला, वाक्य बोलताना जीभ अडखळली. साडभाऊ नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "तिचा हात नव्हता मास्तर. दोन वर्सं झाले."

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"कोन सांगन? समजते. ती एका दमात सरकवत होती त्याले, मोजून. हा जो दुसरा आला तो दोनदा ढकलते. आधी जास्त, मंग कमी. मले पहिल्याच दिवशी दिसलं."

मला राग आला. खरंच आला. मी म्हणालो, मग रोज मला फोन करून प्रज्ञानं हे केलं, प्रज्ञानं ते केलं, हे कशाला सांगत होतात? मला, दूधवाल्याला, सगळ्या गल्लीला?

ते छत्रीकडे पाहत होते. उत्तर यायला इतका वेळ लागला की मला वाटलं येणारच नाही.

"तिची माय गेली तवापासून या घरात तिचं नाव घ्याले कोनी नाही," ते म्हणाले. "मी एकला. एकल्यानं कोनाचं नाव कसं घ्याचं? काही तरी निमित्त पाहिजे ना. दिवसातून एकदा तरी तिचं नाव घरात निघावं, मनून."

 आम्ही दोघांनी मिळून शेजाऱ्यांची टाकी उभी केली. परतीच्या बसमध्ये बसलो आणि बोरगाव मंजू यायच्या आत मी प्रज्ञाला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा निरोप एक अक्षरही न बदलता पोचवला. साडभाऊ जसे म्हणाले तसंच, त्यांच्याच बोलीत, शेवटच्या 'मनून'सकट. ताईंनी तो नक्कीच मऊ करून दिला असता. मला ते येत नाही, आणि हा निरोप मऊ करण्यासारखा नव्हताही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती "ठीक आहे काका" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. घरी पोचेपर्यंत मला वाटत राहिलं की मी फार मोठी चूक केली.

त्यानंतर मला संध्याकाळचे फोन यायचे बंद झाले. सुरुवातीला बरं वाटलं, मग करमेना. सहा वाजले की हात उगाच फोनकडे जाई. बायको म्हणाली, एवढं वाटतं तर जाऊन या. गेल्या महिन्यात गेलो. साडभाऊ बारीक झाले आहेत, गुडघे दुखतात, छत्र्यांचं काम आता घेत नाहीत. मोठी छत्री स्लॅबवर आहे, पण तिला हात लावलेला दिसला नाही. भात-वरण त्यांनीच केलं होतं, वरणात मीठ नव्हतं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. जेवणानंतर मी पुढच्या खोलीत आडवा झालो तोच आत फोन वाजला. मला वाटलं आता नेहमीचं ऐकू येईल, जेवली का, बरं, आणि संपेल. तेवढं ऐकू आलंही. मग दोन्हीकडे शांत झालं. मी घड्याळाकडे पाहत होतो. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पलीकडून ती काहीतरी म्हणाली असावी, बहुधा ठेवते म्हणाली असावी, कारण साडभाऊंचा आवाज आला, आणि या वेळी ते जराही थांबले नव्हते.

"बोलाले नसन काही तर नको बोलू प्रज्ञा. पन ठेवू नको."